घाईवाले, छत्रीवाली आणि इतर तीनशे दहा

प्रिय लंबक,

पाकीट बघून घाबरू नकोस. घरी सगळे ठीक आहेत, म्हणजे मी आणि तुझी आई असे दोघंच आहोत आणि दोघंही ठीक आहोत. एवढं जाड पाकीट आणि त्यावर माझं अक्षर बघून तुला वाटेल की बाबांनी मृत्युपत्र धाडलं. तसलं काही नाही. आत दोऱ्याने बांधलेलं एक पुडकं आहे, ते लगेच उघडू नकोस. आधी हे वाच आणि क्रमाने वाच. शेवटचं पान आधी बघायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे, ती आजच्यापुरती आवर.

सोमवारचं मला कळलंय. तू आईला फोनवर सांगितलंस आणि वर बजावलंस की बाबांना सांगू नकोस. आईने फोन ठेवला आणि चहाचं आधण ठेवायच्या आत मला सगळं सांगितलं. सोमवारी अकरा वाजता तुमच्या कंपनीत पाच जणांची समिती बसणार, टॅबलेटची ही नवी सिस्टीम पुढे चालवायची की गुंडाळायची ते ठरवणार. त्याआधी तुला समोर बसवून विचारणार, की सगळं जग बँकेचं ॲप मागत असताना तुमच्या ॲप उपलब्धता विभागाने घड्याळाचे ठोके ऐकणारं ॲप कशासाठी बनवलं. तुझ्याकडे यादीतल्या आकड्यापलीकडे उत्तर नाही, म्हणून त्यांनी तोंड उघडायच्या आत तू राजीनामा पुढे सरकवणार आहेस. हे सांगताना तू रडत नव्हतीस असं आई म्हणाली, म्हणजे रडत होतीस. तर राजीनामा लिहून झाला असेल तर तो पिशवीतच राहू दे. तुला हवंय ते उत्तर माझ्याकडे आहे. पण किल्ली दिल्याशिवाय माझं यंत्र चालत नाही हे तू जाणतेस, तेव्हा जरा दम धर.

दीड वर्षापूर्वी तू तो टॅबलेट पाठवलास. सोबतच्या कागदावर लिहिलं होतंस, बाबा, ही माझी सिस्टीम. कंपनीची नाही, आमची नाही, माझी. मला ते फार आवडलं होतं, पण मी तुला तसं कळवलं नाही, कारण आवडलं की कळवायचं असतं हे मला कधी जमलेलं नाही. टॅबलेट मी दुकानात काउंटरच्या टोकाला ठेवला, जिथे तुझं उंच स्टूल असायचं. शाळा सुटली की तू त्यावर बसून पाय हलवत गृहपाठ करायचीस, आणि शेजारचा शिंपी येऊन विचारायचा की तुमचा हा लंबक कधी थांबतो का. तेव्हापासून तू लंबक. नाव ठेवलं शिंप्याने, आणि तू त्याच्यावर चिडायचं सोडून आयुष्यभर माझ्यावर चिडलीस.

पहिल्याच दिवशी मी तुमचं ॲपचं दुकान उघडून बघितलं. मी स्वतः दुकानदार आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या दुकानात शिरलो की आधी फळ्यांकडे नजर जाते. खरं सांगू का, फळ्या रिकाम्या होत्या. बॅटरीसारखा उजेड पाडणारी अकरा ॲप होती, आणि टॅबलेटला मागे दिवाच नाही. त्यातलं एक तर नुसता पडदा पांढरा करून गप्प बसायचं. मांजराला नाव सुचवणारं एक होतं. मी ते उघडून बघितलं, त्याने आधी मांजराचं वय विचारलं, मग पैसे मागितले. बँक नाही, बसचं वेळापत्रक नाही, औषधांची आठवण करून देणारं काही नाही. सिस्टीम मात्र देखणी. बोट लावलं की लोण्यासारखी सरकते, कुठे अडकत नाही, की उगाच काही विचारत नाही. अशी घड्याळं मी पाहिली आहेत. यंत्र अव्वल, तबकडी सुरेख, आणि सुटा भाग जगात कुठेही मिळत नाही. असं घड्याळ मी आजवर कुणाच्या गळ्यात मारलं नाही. तरीही तुझा टॅबलेट मी गल्लीत तिघांच्या गळ्यात मारला.

औषधवाल्याला मीच घ्यायला लावला, शिंप्याला घ्यायला लावला, आणि समोरच्या निवृत्त हेडबाईंना तर मी जवळजवळ धमकावलं. त्याची शिक्षा मी रोज भोगतो. औषधवाला सकाळी शटर वर करता करता ओरडून विचारतो की आलं का बँकेचं. मी म्हणतो, येतंय. तो म्हणतो, चालत येतंय की रांगत. एकदा त्याच्या दुकानात औषधांचे पैसे द्यायचे होते, तेव्हा मी तुझा टॅबलेट ऐटीत पुढ्यात उभा धरला आणि त्याच्या आडोशाने आईच्या फोनवरून पैसे पाठवले. त्याला वाटलं टॅबलेटवरूनच गेले. दोन दिवस तो बिचारा आपल्या टॅबलेटमध्ये ते ॲप शोधत होता. मग पुढच्या खेपेला पैसे देताना फोन वाजला, तो टॅबलेटच्या मागे, आणि माझं पितळ उघडं पडलं. आता तो माझ्याकडून पैसे घेताना आधी टॅबलेटच्या मागे डोकावतो.

बँकेचं ॲप का येत नाही हे तू एकदा आईला समजावलं होतंस आणि आईने मला समजावलं. बँकवाले म्हणतात आधी माणसं गोळा करा, मग आम्ही ॲप देतो. माणसं म्हणतात आधी बँकेचं ॲप दाखवा, मग आम्ही टॅबलेट घेतो. दोघंही दारात उभे राहून एकमेकांना आधी तुम्ही, आधी तुम्ही करतायत आणि आत कुणीच येत नाही. आई म्हणाली, पोरगी याच्यात पिचून चालली आहे. मी डोळ्याला भिंग लावून बसलो होतो. पण मला हे दुखणं नवं नव्हतं. मी दुकान काढलं तेव्हा तू जन्मली नव्हतीस. सुट्या भागांचा व्यापारी म्हणाला, तुमच्याकडे गिऱ्हाईक दिसलं तर माल देतो. गिऱ्हाईक काचेतून आत बघायचं, भिंतीवर एकही घड्याळ टांगलेलं नाही म्हटल्यावर पुढे जायचं. महिना असा गेला. मग तुझ्या आईने डोकं लढवलं. तिने नातेवाइकांची, मैत्रिणींची, शेजाऱ्यांची घड्याळं मागून आणली, चालू असलेलीच, आणि आम्ही ती दुरुस्तीला आल्यासारखी भिंतीवर टांगली. प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली. दुसऱ्या आठवड्यात खरं गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, तुमच्याकडे फार गर्दी दिसते, माझं कधी होईल. त्या वाक्यावर आपलं घर उभं राहिलंय.

त्या चिठ्ठ्यांचं तुला आठवत असेल. मी चिठ्ठीवर कधी नाव लिहीत नाही. नावं विसरायला होतात, चेहरा आणि चालचलणूक लक्षात राहते. म्हणून चिठ्ठीवर लिहितो, घाईवाले. छत्रीवाली. उंच गृहस्थ. दोनदा जिना चुकलेल्या बाई. कुत्रा बाहेर ठेवून आलेले. तू लहानपणी त्या वाचून हसायचीस आणि मग खऱ्या बाई आल्या की त्यांच्या तोंडावर विचारायचीस, तुम्हीच का त्या जिना चुकलेल्या. दोनदा मला माफी मागावी लागली होती. चाळीस वर्षांत जी घड्याळं दुरुस्त होऊन पडली आणि कुणी न्यायला आलं नाही, ती सगळी मागच्या भिंतीवर आहेत, आपापल्या चिठ्ठीसकट. मी त्यांना अजून किल्ली देतो. माणूस कधीही येईल आणि आल्यावर घड्याळ बंद दिसलं तर काय म्हणेल.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्या ॲपच्या दुकानात खाली एक चौकट आहे, हवं ते ॲप सापडलं नाही का, आम्हाला कळवा. नाव लिहायचं, हवी असलेली दोन ॲप लिहायची आणि कारण लिहायचं. मी एके दिवशी त्यात मागणी लिहिली. नाव काय लिहावं हा प्रश्न आला. आपलं लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस बाबा नाक खुपसतायत. मान वळवली तर मागच्या भिंतीवर पहिलीच चिठ्ठी दिसली, ती लिहिली. घाईवाले. मागणी क्रमांक एक, घड्याळाचे ठोके ऐकून ते पुढे धावतंय की मागे पडतंय ते सांगणारं ॲप. दोन, बसचं वेळापत्रक. कारण, मला घाई असते. दुसऱ्या दिवशी छत्रीवाली. तिलाही आधी ठोक्यांचं ॲप हवं होतं, मग हवामानाचं. तिसऱ्या दिवशी उंच गृहस्थ. मला वाटलं चार-सहा चिठ्ठ्या टांगाव्यात, तुझ्या दुकानाची काच भरलेली दिसेल, खरं गिऱ्हाईक येईल, आपल्याला जमलं तसं तुलाही जमेल. तेवढ्यावर थांबायचं असंच ठरवलं होतं.

पण तू उत्तर दिलंस. खाली सही नव्हती, नुसतं ॲप उपलब्धता विभाग लिहिलं होतं. पण शेवटी लिहिलं होतं, बघते, करते, कळवते. पोरी, तू पाचवीत असल्यापासून कुठल्याही कामाला हे तीन शब्द म्हणत आली आहेस. आईने दळण आण म्हटलं तरी बघते, करते, कळवते. मी काउंटरवर बसून ते सहा वेळा वाचलं. नुसतं उत्तर नव्हतं ते. तू घाईवाल्यांना विचारलं होतंस की तुम्हाला एवढी घाई कशाची असते, बस चुकली तर एखाद दिवस चालत जा, बरं वाटेल. छत्रीवालीने लिहिलं होतं की पावसात गुडघा धरतो, तर तू तिला तीन व्यायाम लिहून पाठवलेस, चित्र काढून. मला घरी तुझा एवढा मजकूर कधी आला नव्हता. मग मी कसला थांबतोय. रोज सकाळी दुकान उघडलं, किल्ल्या दिल्या, की एक चिठ्ठी वाचायची आणि त्या माणसाच्या नावाने तुला लिहायचं. आठवड्याचे सहा दिवस. सुट्टीला दुकान बंद, तशी मागणीही बंद. वर्षाचे झाले तीनशे बारा.

तुमची सिस्टीम कुणाचा माग काढत नाही, हे तू किती अभिमानाने सांगायचीस. तेच नडलं. दुसऱ्या कुठल्याही कंपनीला तिसऱ्या दिवशी कळलं असतं की घाईवाले, छत्रीवाली आणि उंच गृहस्थ एकाच काउंटरवरून, एकाच टॅबलेटवरून, एकाच बोटाने लिहितायत. तुम्हाला ते तीनशे बारा वेगळे भले लोक वाटले. तुमच्या त्या आकडेवारीवाल्याने तर अहवालही लिहिला म्हणे, की घड्याळप्रेमी ग्राहक हा शिस्तीचा वर्ग असून साप्ताहिक सुट्टी कटाक्षाने पाळतो. तू तो आईला फोनवर वाचून दाखवलास, आईने मला सांगितला, आणि माझ्या हातून चिमटा खाली पडला. तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही. तुमच्या यादीत बँकेच्या ॲपला दोनशे चाळीस मागण्या आणि ठोक्यांच्या ॲपला तीनशे बारा, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण अंदाज यायला हवा होता.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं बरं का. ती तुझा फोन ठेवून आली की मला तुझ्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायची. त्या छत्रीवालीचा गुडघा आता बरा आहे म्हणे. ते कुत्रेवाले आता कुत्र्याला आत नेतात म्हणे. मी आपला हूं हूं करायचो. एकदा ती म्हणाली, कोण कुठली बाई, आपल्या मुलीचं ऐकून व्यायाम करते, नाहीतर तुम्ही. आणि तेच तीन व्यायाम तिने माझ्याकडून करून घ्यायला सुरुवात केली. गुडघा मुळात माझाच होता, तेव्हा तो बरा झाला. त्याचं श्रेय तुझी आई घेते, तिला घेऊ दे.

आता उंच गृहस्थांचं. हे लिहायला मला दोन दिवस लागले, मधे मी तीन घड्याळं उघडून साफ केली. तुला आठवत असेल, आठ महिन्यांपूर्वी उंच गृहस्थांनी तुला परत लिहिलं होतं. त्यांनी लिहिलं की मी जन्मभर कानाने घड्याळं लावत आलो, ठोका लंगडतोय की सरळ चालतोय ते मला दुसऱ्या खोलीतून कळायचं. आता उजवा कान गेला आहे आणि डावाही त्याच्या मागे निघालाय. गिऱ्हाईक घड्याळ समोर धरतं, मी मान डोलावतो, आणि मला काही ऐकू आलेलं नसतं. म्हणून मला हे ॲप हवंय. ते सगळं खरं होतं. फक्त उंच गृहस्थ उंच नाहीत, साडेपाच फुटांचे आहेत आणि तुझे वडील आहेत.

तू मला फोनवर शोधतेस आणि मी फोन आईच्या हातात देतो, तो याच्यासाठी. तू दुकान पुढे चालवलं नाहीस, टॅबलेटच्या मागे लागून लांब गेलीस, म्हणून बाबा अजून घुश्शात आहेत असं तू आईजवळ म्हणालीस. तसं अजिबात नाही गं. फोनवर मला नुसता गुंजारव ऐकू येतो, त्यात तू कुठे हसलीस आणि कुठे विचारलंस हे कळत नाही. दोनदा मी भलत्याच ठिकाणी हो म्हणालो. एकदा तू विचारलं होतंस की तब्येत बिघडली आहे का, आणि मी म्हटलं होतं हो, हो, उत्तम. आई माझ्याकडे बघतच राहिली. तेव्हापासून मी फोनला हात लावत नाही. लिहिलेलं मात्र मला स्वच्छ ऐकू येतं. म्हणून वर्षभर मी तुझ्याशी चिठ्ठ्यांच्या नावाने बोललो. मला आनंद होता, खोटं कशाला बोलू. आयुष्यात आपण दोघं एवढं कधी बोललो नव्हतो.

आणि उंच गृहस्थांना तू काय उत्तर दिलंस ते मी कागदावर उतरवून गल्ल्यात ठेवलंय. लिहिलं होतंस, ॲपचं मी मनावर घेते, पण तुम्ही घरी सांगितलंत का. सांगा. लाजण्यासारखं त्यात काही नाही. मुलगी असेल तर तिला सगळ्यात आधी सांगा, तिला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर फार वाईट वाटेल. खाली नेहमीचं, बघते, करते, कळवते. मी ते वाचलं, टॅबलेट पालथा ठेवला आणि शिंप्याकडे जाऊन उगाचच पँट उसवून घेऊन परत शिवून आणली.

मग तो तुमचा वार्षिक समारंभ झाला. तुमच्या साहेबांनी रंगमंचावर मोठ्या पडद्यावर लंबकाचं घड्याळ उभं केलं, टॅबलेट त्याच्या कानाशी नेला आणि जाहीर केलं की ही आमच्या ग्राहकांची सर्वाधिक मागणी. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं, एक माणूस बँकेच्या बंद दारासमोर उभा आहे आणि हातातला टॅबलेट त्याला सांगतोय की तुमचं घड्याळ चार सेकंद मागे आहे. औषधवाल्याने ते कापून काचेवर चिकटवलं. मी ते बघितलं आणि दुपारीच शटर ओढलं. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आधी ती हसली, इतकी हसली की भिंतीला धरून बसली. मग तिला तुझा चेहरा आठवला आणि ती उठून उभी राहिली आणि मला जे काही बोलली ते मला दोन्ही कानांनी नीट ऐकू आलं. शेवटी म्हणाली, भिंतीवर चिठ्ठ्या टांगायची अक्कल माझी होती, पण मी त्या खरं गिऱ्हाईक आल्यावर त्याच दिवशी उतरवल्या होत्या, तुम्हाला ते लक्षात राहिलं नाही. तिचं खरं होतं.

तरी एक गोष्ट समितीला सांग. काल मी ठोक्यांच्या ॲपखाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचायला बसलो. एकोणीस जणांनी लिहिलंय आणि त्यातला एकही मी नाही, तुझ्या आईसमोर हात वर करून सांगतो. एक माणूस उंच मनोऱ्यावरच्या घड्याळाची देखभाल करतो, त्याला आता टोल्यांच्या वेळी वर जाऊन कानठळ्या बसवून घ्याव्या लागत नाहीत. एक बाई पियानो शिकवतात, त्यांनी त्यांचं ताल धरणारं यंत्र त्यावर तपासलं. एकाने नुसतं लिहिलंय की वडिलांचं घड्याळ अकरा वर्षांनी नीट चालू झालं. एकोणीसपैकी चौदा जणांनी याच एका ॲपसाठी टॅबलेट विकत घेतलाय. एकोणीस म्हणजे काही नाही, मला कळतं. पण मी चाळीस वर्षं दुकान चालवलंय ते अशाच लोकांवर, ज्यांचं काम दुसरीकडे कुठे होत नाही. असं गिऱ्हाईक सोडून जात नाही आणि येताना आणखी एक घेऊन येतं. बँकवाल्यांना हे सांगून बघ. आणि हो, ॲप उत्तम आहे. मी त्यावर रोज काम करतो. एकच तक्रार, अक्षरं जरा मोठी हवीत, पण ती मी रीतसर चौकटीत लिहीन, आणि आता माझ्या नावाने लिहीन.

तर हे पत्र कशासाठी, ते आता. पुडकं उघड. त्यात तीनशे बारा चिठ्ठ्या आहेत. आईने सहा-सहांच्या बावन्न जुड्या करून दोऱ्याने बांधल्या आहेत. सोमवारी त्या समितीच्या टेबलावर ठेव आणि तुमच्या यादीतल्या नावांशी एकेक जुळवून दाखव. सोबत मी सही करून लिहून दिलंय की ही सगळी माणसं मी आहे, माझ्या मुलीला यातलं काहीही ठाऊक नव्हतं, तिने माणसांवर विश्वास ठेवला आणि प्रत्येकाला उत्तर दिलं, एवढाच तिचा अपराध. साक्षीदार म्हणून औषधवाल्याने, शिंप्याने आणि हेडबाईंनी सह्या केल्या आहेत. हेडबाईंनी आधी माझ्या शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या. यानंतरही त्यांना कुणाला काढायचं असेल तर सिस्टीम काढू देत, तुला काढायला कारण उरत नाही. एक अडचण मात्र झाली आहे. चिठ्ठ्या सोडल्यावर मागच्या भिंतीवर तीनशे बारा घड्याळं बिनचिठ्ठीची टिकटिकतायत आणि कुणाचं कोणतं ते आता मला सांगता येणार नाही. मी म्हटलं मला सगळं पाठ आहे, आईने तीन विचारली, मी तिन्ही चुकलो. पण कुठलं छत्रीवालीचं ते तुला सांगता येईल, तू त्या भिंतीखाली लहानाची मोठी झालीस. तेव्हा समितीचं काम झालं, निकाल काहीही लागो, की चिठ्ठ्या पोस्टाने परत पाठवू नकोस, पोस्टात गहाळ होतात. स्वतः घेऊन ये. स्टूल पुसून ठेवलंय. आणि बसताना ते माझ्या डाव्या बाजूला ओढून घे. उंच गृहस्थांना तू सांगितलं होतंस की मुलीला सगळ्यात आधी सांगा, ते त्यांनी आठ महिने उशिरा केलं. डाव्या कानात अजून थोडी जागा आहे, ती भरायच्या आत तुझा आवाज ऐकायचाय.

तीनशे बारा जणांच्या वतीने, आणि स्वतःच्याही,
तुझाच
बाबा